अन्नातील रोगजंतूंचा शोध : बशीपासून जैवसंवेदकापर्यंत

दूषित अन्नातील जंतू ओळखण्याच्या विद्येचा इतिहास हा मुख्यतः काळाशी चाललेल्या झगड्याचा इतिहास होय. १८८८ साली जर्मनीतील फ्रांकेनहाउझेन येथे आजारी गाईचे मांस खाल्ल्याने पन्नासाहून अधिक माणसे आजारी पडली व एक दगावला. ऑगुस्ट गार्टनर याने ते मांस व मृताचे शरीर या दोहोंतून एकच जंतू वेगळा केला. साल्मोनेला या प्रजातीत आज त्याची गणना होते. आदल्याच वर्षी पेत्रीने आपली काचेची बशी प्रसिद्ध केली होती. पोषक माध्यमावर जंतू वाढवून त्याची ओळख पटविण्याची ही रीत पुढे प्रमाणभूत ठरली. एका जिवंत जंतूचीही तिच्यात दृश्य वसाहत होते. मात्र निर्णयास कित्येक दिवस लागतात.

या विलंबाची किंमत १९९३ साली अमेरिकेत दिसून आली. अर्धकच्च्या खिम्याच्या हॅम्बर्गरांतून ‘ई. कोलाय ओ१५७:एच७’ हा जंतू पसरून सातशेहून अधिक लोक आजारी पडले. चार बालके दगावली. पुढच्याच वर्षी तेथील शासनाने कच्च्या खिम्यात हा जंतू आढळणे म्हणजे भेसळ, असे ठरविले. साहजिकच त्वरित परीक्षेची निकड वाढली.

अशा परीक्षेचे एक तत्त्व तत्पूर्वीच हाती आले होते. १९६२ साली क्लार्क व लायन्स यांनी प्राणवायू मोजणाऱ्या विद्युदग्राला ग्लुकोज ओळखणाऱ्या विकराची जोड सुचविली. ओळखण्याचे काम जैव द्रव्याने करावे व मोजण्याचे यंत्राने, ही जैवसंवेदकाची मूळ कल्पना होय. विकराच्या जागी प्रतिपिंड योजिले की तेच तत्त्व जंतूंनाही लागू पडते. १९८३ साली लीडबर्ग, नीलँडर व लुंडस्ट्रोम या स्वीडिश संशोधकांनी धातूच्या पातळ थरावर घडणारे प्रतिपिंडांचे बंधन प्रकाशाच्या साहाय्याने टिपून दाखविले.

तथापि बशीचे राज्य संपले, असे म्हणता येत नाही. पंचवीस ग्रॅम अन्नात साल्मोनेलाचा एकही जंतू आढळू नये, अशी कसोटी अनेक पदार्थांना लावली जाते. पुष्कळ संवेदकांना मात्र दर मिलिलिटरला हजारो जंतू असल्याखेरीज त्यांची चाहूल लागत नाही. शिवाय प्रतिपिंड मृत जंतूलाही चिकटतो. म्हणून नमुना प्रथम पोषक द्रवात वाढवावा लागतो, आणि संशयित निष्कर्षाची खातरजमा बहुधा बशीवरच होते. संवेदकाने प्रतीक्षा आखूड केली. ती नाहीशी केली नाही. सामान्यतः जंतूला वाढण्यास लागणारा वेळ हीच या शास्त्राची खरी मर्यादा राहिली आहे.