घाटातील सांधेवाला

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकांत वकील, डॉक्टर, मामलेदार यांची चरित्रे छायाचित्रांसह छापली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्यांच्या तुटपुंज्या पगारावर यांपैकी पुष्कळांचे शिक्षण झाले, त्या रेल्वेतील चाकरमान्यांविषयी चार ओळीही कोठे आढळत नाहीत. संपादक मंडळाने यंदा जागा दिली, म्हणून माझ्या कै. वडिलांविषयी लिहीत आहे.

वडील बोरघाटात सांधेवाले होते. हा घाटमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. काम ऐन भरात असता चाळीस हजारांहून अधिक मजूर तेथे राबत होते. १८५९ च्या प्रारंभी मजुरी थकल्यामुळे त्यांनी दंगा केला. पटकीने तर माणसे पटापट गेली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हेही त्याच वर्षी वारले व त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी काम तडीस नेले. या बाईंचे नाव इतिहासात राहिले, मजुरांचे राहिले नाही.

खंडाळ्याचे जुने उलटे स्थानक १९२९ साली बंद झाले व घाटात विजेची इंजिने आली. वडील नोकरीस लागले ते त्यानंतर. मालगाडीच्या बोजड इंजिनास घाटातील मंडळी 'खेकडा' म्हणत. १९५१ साली जी. आय. पी. जाऊन मध्य रेल्वे झाली. वडिलांच्या पट्ट्यावरील अक्षरे बदलली, इतकेच.

घाटाचा चढ काही ठिकाणी सदतिसांत एक इतका उभा आहे. उतरणीवर गाडी बेफाम सुटल्यास ती आवरावी, म्हणून मुख्य मार्गालगत चढावर जाणारा एक आंधळा फाटा ठेवलेला असे. त्यास कॅच साइडिंग म्हणतात. सांधा एरव्ही या फाट्याकडेच लावलेला. उतरणारी गाडी पूर्ण थांबली, अशी खात्री पटल्यावरच तो मुख्य मार्गाकडे फिरवावयाचा. आषाढातल्या धुक्यात, हाती बत्ती घेऊन, वडिलांनी आयुष्यभर हेच केले. आमचे एक मामा थट्टेने म्हणत, "दाजींना गाड्या थांबवण्याचा पगार मिळतो."

अशाच एका रात्री लोणावळ्यास आमची आजी अत्यवस्थ झाली. निरोप स्टेशनाच्या टेलिफोनवरून पोहोचला. बदलीचा माणूस तापाने पडलेला. दुसरा मिळेपर्यंत पहाट झाली. वडील घरी आले तेव्हा आजीस अग्नी देऊन झाला होता, तोही चुलत्यांच्या हातून. थोरल्या मुलाने आईपेक्षा नोकरी मोठी मानली, असा बोल ज्ञातीतील वडीलधाऱ्यांनी भर बैठकीत लावला. वडील उत्तरादाखल काहीच बोलले नाहीत. मात्र त्यानंतर ज्ञातिभोजनास ते कधी गेले नाहीत. वर्गणी तेवढी दरसाल माझ्या हाती पाठवीत. तिच्या पावत्या अजून माझ्यापाशी आहेत.

त्या रात्रीचा विषय त्यांनी माझ्याजवळ एकदाच काढला. पहाटेपर्यंत अकरा गाड्या उतरल्या, असे ते म्हणाले.