११ ओळींचा कोड गायब झाला आणि जगभरातलं काम अडलं: एनपीएम, यार्न, पीएनपीएम आणि टेस्ट रिपोर्टची ओपन सोर्स टूल्स एकमेकांपेक्षा वेगळी कशी?

२२ मार्च २०१६. जगभरातल्या अनेक कंपन्यांमधले प्रोग्रॅमर्स आपापल्या प्रोजेक्टचं बिल्ड करायला गेले आणि स्क्रीनवर एरर आला: लेफ्ट-पॅड सापडत नाही.

गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेकांनी लेफ्ट-पॅड हे नावही ऐकलं नव्हतं. हा जेमतेम ११ ओळींचा कोड होता. काम एवढंच, की दिलेल्या मजकुराच्या डावीकडे हवी तेवढी अक्षरं भरायची. म्हणजे ५ चं ००५ करायचं. पण बेबेलसारखं प्रचंड वापरलं जाणारं टूल त्यावर अवलंबून होतं आणि बेबेलवर हजारो प्रोजेक्ट्स.

झालं असं, की अझेर कोचुलू या प्रोग्रॅमरचं 'किक' नावाचं एक पॅकेज होतं. किक याच नावाच्या मेसेजिंग अ‍ॅपच्या कंपनीने त्या नावावर हक्क सांगितला आणि एनपीएमने नाव कंपनीला दिलं. चिडलेल्या कोचुलू यांनी आपली सगळीच पॅकेजेस काढून टाकली. ती अडीचशेहून जास्त होती आणि त्यातच लेफ्ट-पॅड होतं.

दुसऱ्या एका प्रोग्रॅमरने लगेच तसाच कोड १.०.० या व्हर्जनने टाकला, तरी एरर थांबेनात. कारण अनेक प्रोजेक्ट्सना नेमकं ०.०.३ हेच व्हर्जन हवं होतं. शेवटी एनपीएमने बॅकअपमधून ते परत आणलं.

पॅकेज मॅनेजर म्हणजे काय?

आजचं कुठलंही अ‍ॅप पूर्णपणे स्वतः लिहिलेलं नसतं. तारखा दाखवणं, रंग देणं, डेटा पाठवणं यासाठी इतरांनी लिहून ठेवलेला कोड वापरला जातो. तो कोड म्हणजे पॅकेज. तो आणून नीट लावून देणारं टूल म्हणजे पॅकेज मॅनेजर. जावास्क्रिप्टच्या जगात एनपीएम २०१० साली आलं आणि नोडसोबतच इन्स्टॉल होत असल्यामुळे आजही सगळ्यांची सुरुवात तिथूनच होते.

एक गोष्ट इथेच स्पष्ट केलेली बरी. एनपीएम हे टूल ओपन सोर्स आहे, पण पॅकेजेस जिथे ठेवलेली असतात ती रजिस्ट्री एका कंपनीची आहे. २०२० मध्ये ती गिटहबने, म्हणजे पर्यायाने मायक्रोसॉफ्टने घेतली. यार्न आणि पीएनपीएमसुद्धा सहसा त्याच रजिस्ट्रीतून माल उचलतात. त्यामुळे टूल बदललं असतं तरी लेफ्ट-पॅडचा घोळ टळला नसता. दुकान एकच, पिशव्या वेगवेगळ्या.

यार्नने काय बदललं?

'माझ्या मशीनवर तर चालतंय' हे वाक्य पुण्यातल्या हिंजवडीपासून थेट कॅलिफोर्नियापर्यंत प्रत्येक ऑफिसात ऐकू येतं. त्यामागचं एक मोठं कारण पॅकेजेसची व्हर्जन्स हे होतं. किराणाच्या यादीत नुसतं 'तेल, १ लिटर' लिहिलं, तर आज एका ब्रँडचं येईल आणि उद्या दुसऱ्या. एनपीएमच्या यादीतही 'चौथं व्हर्जन, किंवा त्यातलं नवीन जे असेल ते' असं लिहिण्याची पद्धत होती. त्यामुळे सोमवारी आणि गुरुवारी इन्स्टॉल करणाऱ्या दोघांकडे वेगळा कोड यायचा.

ऑक्टोबर २०१६ मध्ये फेसबुकने गूगल आणि इतरांच्या साथीने यार्न आणलं. त्यात पहिल्या दिवसापासून लॉकफाइल होती: प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन लिहून ठेवणारी फाइल. शिवाय वेग जास्त होता. लोक धडाधड यार्नकडे वळले. मग मे २०१७ मध्ये एनपीएमच्या पाचव्या व्हर्जननेही लॉकफाइल आणली आणि यार्नचं मुख्य आकर्षण कमी झालं. २०२० मध्ये यार्न २ आलं. त्याने पॅकेजेस साठवण्याची पद्धतच बदलली, पण जुन्या टूल्सशी त्याचं जुळवून घेताना अनेक टीम्सना त्रास झाला. आज नव्या प्रोजेक्टसाठी यार्न निवडायला फारसं ठोस कारण उरलेलं नाही. जुन्या प्रोजेक्टमध्ये नीट चालत असेल, तर बदलण्याचीही घाई नाही.

लॉकफाइल असूनही एक चूक सर्रास होते. सर्व्हरवर 'एनपीएम इन्स्टॉल' चालवलं तर लॉकफाइल बदलू शकते. त्याऐवजी 'एनपीएम सीआय' ही कमांड लॉकफाइलमधलं जसंच्या तसं आणते, आणि यादी व लॉकफाइल जुळत नसतील तर सरळ थांबते.

पीएनपीएम का गाजतंय?

समजा एका लॅपटॉपवर १०० प्रोजेक्ट्स आहेत आणि सगळ्यांत एकच पॅकेज वापरलंय. एनपीएम त्याच्या १०० प्रती ठेवतं. पीएनपीएम एकच प्रत एका जागी ठेवतं आणि प्रत्येक प्रोजेक्टमधून तिला जोडणी देतं. वाचनालयात पुस्तक एक, सभासद शंभर, तसं. डिस्कवर जागा वाचते आणि दुसऱ्यांदा इन्स्टॉल करताना वेळही.

दुसरा फायदा कमी चर्चेत असतो. एनपीएममध्ये यादीत न लिहिलेलं पॅकेजसुद्धा चुकून वापरता येतं, कारण दुसऱ्या कुणासोबत तरी ते आलेलं असतं. तो दुसरा उद्या गेला की कोड मोडतो. पीएनपीएम असं उसनं पॅकेज वापरूच देत नाही. सुरुवातीला त्यामुळे एरर येतात आणि लोक वैतागतात, पण ते एरर खरे असतात.

तिसरं कारण सुरक्षेचं, आणि २०२५ नंतर तेच सर्वांत महत्त्वाचं ठरतंय. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये एका डेव्हलपरला खोटा ईमेल पाठवून त्याच्या खात्याचा ताबा घेण्यात आला. चॉक, डीबग यांसारख्या १८ पॅकेजेसमध्ये क्रिप्टो व्यवहारातला पत्ता गुपचूप बदलणारा कोड घुसवला गेला. या पॅकेजेसची एकत्रित डाउनलोड संख्या आठवड्याला २०० कोटींहून जास्त होती. काही दिवसांतच 'शाई-हुलुद' नावाचा वर्म आला. तो डेव्हलपरच्या मशीनवरून पासवर्डसारख्या गुप्त चाव्या चोरायचा आणि त्याच चाव्या वापरून त्याची इतर पॅकेजेसही बाधित करायचा. ५०० हून अधिक पॅकेजेस त्यात सापडली.

हा वर्म पसरला तो इन्स्टॉल होताना आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमधून. एनपीएमने तोवर अशा स्क्रिप्ट्सना मोकळं रान दिलेलं होतं. पीएनपीएमने मात्र जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या दहाव्या व्हर्जनपासूनच त्या बंद ठेवल्या होत्या. परवानगी दिली तरच चालतात. चॉकच्या हल्ल्यात याचा उपयोग नव्हता, कारण तिथे घातक कोड पॅकेजच्या आतच होता. त्यावर पीएनपीएमने त्याच सप्टेंबरमध्ये वेगळा पर्याय दिला: पॅकेजचं नवं व्हर्जन ठरावीक मिनिटं जुनं होईपर्यंत घ्यायचंच नाही. १४४० लिहिलं की एक दिवस. चॉकची बाधित व्हर्जन्स काही तासांतच काढली गेली होती, म्हणजे दिवसभर थांबणारे वाचले असते.

पायथनवाल्यांची कथा थोडी वेगळी. तिथे पिप वर्षानुवर्षं आहे आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं, रस्ट भाषेत लिहिलेलं यूव्ही वेगाच्या जोरावर लोकप्रिय झालंय. लॉकफाइलचा मुद्दा मात्र तिथेही तोच.

नवं पॅकेज आणलं, पण काही मोडलं का हे कसं कळणार?

इथे टेस्ट रिपोर्ट येतो. टेस्टिंग ही आयटीमध्ये अनेकांची पहिली नोकरी असते, आणि रोज सकाळी रात्रीच्या टेस्ट्सचा रिपोर्ट वाचणं हे त्यातलं ठरलेलं काम. टेस्ट चालवणारं टूल वेगळं आणि निकाल दाखवणारं वेगळं असू शकतं.

सगळ्यात साधा प्रकार म्हणजे जेयुनिट एक्सएमएल. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झ्युरिक ते अटलांटा या विमानप्रवासात जेयुनिट लिहायला घेतलं. त्याच्या निकालांची एक्सएमएल फाइल पुढे इतकी पसरली, की पायथनचं पायटेस्टसुद्धा ती बनवतं आणि जेनकिन्स ती वाचतं. अडचण एकच, तिचं अधिकृत असं एकच प्रमाण नाही. प्रत्येक टूलची बोली थोडी वेगळी.

माणसाला वाचायचं असेल तर अ‍ॅल्युअर. मूळचं यांडेक्सचं. ते स्वतः टेस्ट चालवत नाही, निकालांच्या फोल्डरमधून देखणा रिपोर्ट बनवतं. त्याची सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे 'फेल्ड' आणि 'ब्रोकन' यांतला फरक. उत्तर चुकीचं आलं तर फेल्ड, टेस्टच मध्ये कोसळली तर ब्रोकन. पहिल्यात बहुधा अ‍ॅपमध्ये दोष असतो, दुसऱ्यात अनेकदा टेस्टमध्ये किंवा सर्व्हरमध्ये. पण अ‍ॅल्युअर २ ला जावा लागतं आणि आधीच्या रिपोर्टमधलं हिस्टरी फोल्डर दर वेळी नव्या निकालांत कॉपी करावं लागतं. ते विसरलं की ट्रेंडचा आलेख रिकामा.

मायक्रोसॉफ्टच्या प्लेराइटमध्ये रिपोर्ट आयताच मिळतो. त्यातला ट्रेस व्ह्यूअर टेस्टची प्रत्येक पायरी पुन्हा दाखवतो. फक्त ब्राउझरच्या टेस्ट्स असतील तर अ‍ॅल्युअर वेगळं बसवण्याची गरज नाही. पायटेस्ट, जेयुनिट, प्लेराइट असं सगळं मिसळलेलं असेल तर मात्र अ‍ॅल्युअरला पर्याय कमी आहेत.

प्लेराइट आणखी एक प्रामाणिकपणा करतं. पहिल्यांदा फेल होऊन पुन्हा चालवल्यावर पास झालेल्या टेस्टला ते 'पास' म्हणत नाही, 'फ्लेकी' म्हणतं. गूगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं, की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्ट्समध्ये असा लहरीपणा आहे. रिपोर्टमध्ये नुसतं हिरवं दिसत राहिलं, तर पॅकेज अपडेटने खरोखर काही बिघडवलं की टेस्टच लहरी आहे, हे कळणार नाही.

आणि रिपोर्ट टीमबाहेर पाठवताना एक बघावं: स्क्रीनशॉट आणि ट्रेसमध्ये लॉगिनची माहिती किंवा ग्राहकांचा डेटा जसाच्या तसा दिसू शकतो.