‘इतर’ नावाचा वक्ता

आपल्या चळवळीचा इतिहास लिहायला बसले की पहिला प्रश्न पुराव्याचा येतो. आपली माणसे बोलली भरपूर; लिहून ठेवणारे हात थोडे होते. मार्च १९२७ मध्ये महाडची परिषद झाली आणि ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ निघाले. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेब जे बोलले ते २७ ऑक्टोबरच्या ‘प्रबुद्ध भारत’ने छापले. २ मार्च १९५८ रोजी दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले. अण्णाभाऊंचे उद्घाटनाचे भाषण आज आपण वाचतो. पण ज्यांचे भाषण कुणी छापले नाही, त्यांचे काय झाले?

फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट काढली आणि पुढे वीसएक वर्षांत टेपरेकॉर्डर आपल्या वस्त्यांपर्यंत पोचला. इतिहासाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. छापखान्याचे बिल न भरता आणि संपादकाची मर्जी न सांभाळता आपला शब्द टिकवण्याची सोय झाली.

अशा दोनशेच्या आसपास कॅसेटी गेल्या काही वर्षांत माझ्याकडे जमल्या. संमेलने, परिसंवाद, जयंतीच्या सभा. कुणाच्या पत्र्याच्या पेटीतून, कुणाच्या माळ्यावरून आल्या. काहींची फीत चिकटलेली. एकीवर भाषण ऐन रंगात असताना लग्नातली गाणी भरलेली. नव्वद मिनिटांची कॅसेट संगणकात घ्यायला नव्वद मिनिटेच लागतात, त्याला उपाय नाही. चांगल्या प्रतीची एक फाईल दीड जीबीची होते. वर्ष गेले, आणि हाती आला तो ‘साईड ए’, ‘भाषण २’, ‘नवीन भाषण’ अशा नावांच्या फायलींचा ढीग.

मी इतिहास शिकवणारा माणूस. संगणकाचे शिक्षण नाही. एका विद्यार्थ्याच्या मदतीने पायथनमध्ये छोट्या स्क्रिप्टा लिहायला शिकलो. स्क्रिप्ट म्हणजे यंत्राला दिलेली क्रमवार सूचना, यापेक्षा त्यात गूढ काही नाही. पहिली स्क्रिप्ट नोंदवहीतला तक्ता वाचून फाईलला नाव देते: आधी वर्ष, मग महिना, तारीख, गाव, वक्ता. वर्ष पुढे ठेवले की यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते. दुसरी प्रत्येक फाईलच्या मजकुरावरून एक लांबलचक खूणआकडा काढते. सहा महिन्यांनी तोच आकडा पुन्हा निघाला तर फाईल शाबूत. बदलला तर दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली प्रत काढायची.

अडचण आली ती आपल्याच लिपीची. तक्त्यात कऱ्हाड एकच, पण यंत्राला दोन दिसले. कारण ऱ हे अक्षर एकसंधही साठवता येते आणि ‘र’खाली नुक्ता देऊनही. डोळ्यांना फरक नाही, यंत्राला आहे. सगळी अक्षरे एका रूपात आणणारी ओळ घातली तेव्हा गावे जुळली.

मग सहज वक्त्यांची मोजणी करून पाहिली. सर्वांत जास्त वेळा बोललेला वक्ता कोण निघाला? ‘इतर’. कॅसेटच्या कागदावर उद्घाटक, अध्यक्ष, पाहुणे, आणि शेवटी ‘इतर’. हा कागद कुणा प्रस्थापिताने लिहिलेला नव्हता, आपणच लिहिला होता. ऐकत गेलो तेव्हा या ‘इतरां’त निम्म्याहून अधिक आवाज बायांचे निघाले. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ मध्ये प्रसिद्ध केले, ते बायांच्या दारोदार जाऊन. ते पुस्तक मी वर्गात शिकवतो, आणि तरी तक्ता भरताना ‘इतर’ हा शब्द कागदावरून जसाच्या तसा उतरवून घेतला होता.

माझ्या वडिलांना अक्षर येत नाही. एका रात्री मी त्यांना शेजारी बसवले आणि एकेक आवाज लावला. तिसऱ्याच आवाजाला ते म्हणाले, “थांब. ही आपल्या चाळीतली. गिरणीतनं सुटली की तशीच सभेला यायची.” त्यांनी तिचे नाव सांगितले, नवऱ्याचे नाही, तिचे. त्या रात्री सात नावे लागली.

आता स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवली आहे. वक्त्याच्या रकान्यात ‘इतर’ दिसले की ती पुढे जात नाही. कॅसेटचा क्रमांक दाखवून थांबते. मग पुन्हा वडिलांना हाक मारावी लागते. एकतीस कॅसेटी अजून थांबलेल्या आहेत.