येरवड्याची भिंत आणि आभासी रस्ता

बंडगार्डनचा पूल ओलांडला कीं येरवडा लागतो. येथील तुरुंग 1932 च्या पुणे-करारामुळें देशभर ठाऊक झाला. जवळच्या मनोरुग्णालयाची हकीकत मात्र क्वचितच सांगितली जाते. 1912 च्या कायद्यानें ‘वेडा’ या एकाच शब्दांत भ्रमिष्ट आणि मंदबुद्धि दोघेही कोंबले होते. एकाचें मन बिघडलेलें, दुसऱ्याचें वाढीच्या वयांतच निराळ्या वळणानें घडलेलें. कायद्याच्या लेखीं दोघांना दरवाजा एकच. ज्याला औषध लागू नाहीं, त्याला रुग्णालय देणार तरी काय? मनोरुग्णाच्या व्याख्येंतून मतिमंदत्व वगळलें गेलें तें 1987 च्या कायद्यानें.

वास्तविक उपाय जुनाच होता, आणि तो शिकवण्याचा होता. फ्रान्समधील एद्वार सेगँ (1812–1880) यानें अशा मुलांसाठीं लाकडी फळी वापरली. तींत निरनिराळ्या आकारांच्या खोबणी. ज्या आकाराचा तुकडा, तो त्याच खोबणींत बसे. चूक झाली तर फळीच सांगे, कोणी रागें भरण्याचें कारण नाहीं! माँटेसरीबाईंनीं हीच वाट पुढें नेली. इकडे डॉ. कामत यांनीं बिने यांच्या बुद्धिमापनाच्या कसोट्या मराठी व कानडी मुलांसाठीं बेतल्या. त्यांचा ग्रंथ 1940 सालीं निघाला. मुंबईंत 1944 त वकील दांपत्याची शाळा निघाली, पुण्यांत 1964 त ‘कामायनी’.

आजचें आभासी यंत्र हें त्या फळीचेंच वंशज. डोक्यावर चढविलेल्या यंत्रांतून कृत्रिम दृश्य दाखविण्याची युक्ति आयव्हन सदरलंड यांनीं अमेरिकेंत 1968 सालीं साधली. 1996 त डोरोथी स्ट्रिकलंड यांनीं स्वमग्न अशा दोन मुलांना तसल्या टोपांतून रस्ता दाखविल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मोटार ओळखावी, थांबण्याच्या पाटीपर्यंत चालत जावें, एवढाच पाठ. खऱ्या रस्त्यावर भोंगे, गर्दी, ऊन सारें एकदम अंगावर येतें. टोपांतल्या रस्त्यावर मोटार एकच ठेवतां येते, रंग फिके करतां येतात, तोच प्रसंग वीस वेळां घडवितां येतो. आणि चुकल्यास जिवाला अपाय नाहीं.

तथापि टोपांतला रस्ता जमला म्हणून येरवड्याचा गुंजन चौक जमेलच असें नव्हे. एका जागीं शिकलेलें दुसऱ्या जागीं नेणें, हेंच यांतील पुष्कळांना अवघड जातें. त्यासाठीं टोप उतरल्यावर मुलाचा हात धरून आधीं निवांत गल्लींत, मग सकाळच्या विरळ रहदारींत, आणि पुष्कळ दिवसांनीं संध्याकाळच्या चौकांत नेणारें माणूस लागतें.