रजा मंजूर होईपर्यंत

गणपती जवळ आले की आमच्या कार्यालयात रजेच्या अर्जांचा ढीग पडतो. इथे मध्य प्रदेशात कागदावर तिला 'अर्जित अवकाश' म्हणतात, पण घरी आपण रजाच म्हणतो. यंदा माझा अर्ज दोनदा परत आला, म्हणून घरी येऊन मी कुरकुर करत होतो. वडील शांतपणे म्हणाले, "चार दिवसांसाठी एवढं? माझ्या मामांनी तीन वर्षं वाट पाहिली होती रजेची." त्या वाक्यावरून हा लेख लिहायला बसलो.

वडिलांचे मामा, म्हणजे माझ्या आजीचे थोरले बंधू, साताऱ्याकडचे. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा पलटणीत शिपाई होते. युद्ध संपेपर्यंत हिंदी सैन्याची संख्या 25 लाखांवर गेली होती आणि त्यात मराठी मुलूख मागे नव्हता. बेळगाव हे मराठा रेजिमेंटचे ठाणे. तिथून कवायत शिकून निघालेली पोरे मुंबईच्या बंदरातून थेट आफ्रिकेला आणि पुढे इटलीला गेली. 1941 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या उघड्या डोंगरांवर तिसरी मराठा पलटण लढली. जून 1942 मध्ये तोब्रुक पडले तेव्हा दुसरी पलटण शत्रूच्या हाती सापडली. इटलीत कुलाबा जिल्ह्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीकाठी नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी तोच मान मिळवला.

ही नावे आपल्याला ठाऊक असतात. पण लढाईचे दिवस मोजके, वाट पाहण्याचे दिवस फार. त्या दिवसांत शिपाई काय करत असे? तर घरी पत्र लिहीत असे, किंवा लिहून घेत असे. पुष्कळांना लिहिता येत नव्हते. पलटणीतला एखादा शिकलेला सोबती लिहून देई. आपण कुठे आहोत ते लिहायची बंदी. पत्त्याच्या जागी फक्त फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर. मग ते पत्र साहेब वाचणार, पुढे सेन्सॉर वाचणार आणि गावी पोचल्यावर शाळामास्तर मोठ्याने वाचून दाखवणार. आई आणि मुलगा यांच्या मध्ये एवढी माणसे बसलेली. मनातले कसे लिहायचे?

मध्यपूर्वेतल्या हिंदी शिपायांच्या पत्रांवर सेन्सॉर खाते दर पंधरवड्याला अहवाल तयार करी. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत एक विषय पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे रजा. 1939-40 मध्ये गेलेले शिपाई वर्षानुवर्षे घर न पाहता राहिले. जहाजे कमी, आणि जी होती ती फौज, दारूगोळा आणि धान्य यांनी भरलेली. डिसेंबर 1941 मध्ये जपान युद्धात उतरला आणि ओढाताण आणखी वाढली.

ही रजा आरामासाठी नव्हती. 1943 मध्ये बंगालात दुष्काळ पडला आणि देशभर धान्य महागले. घरून येणाऱ्या पत्रांत भाव असत, आणि पगारातून पाठवलेले पैसे पुरत नाहीत हेही असे. कुणाच्या शेताचा बांध भावकीने सरकवलेला, कुणाच्या बहिणीचे लग्न अडलेले. परमुलखात बंदूक घेऊन बसलेल्या माणसाला हे सगळे फक्त कागदावर निस्तरायचे होते.

आपल्या बुऱ्हाणपूरला फौजांचे हे दुःख नवे नाही. 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेल्यावर दख्खनच्या मोहिमांचे हे मोठे ठाणे झाले. औरंगजेबाच्या काळातल्या न संपणाऱ्या छावणीचे वर्णन करणारा बखरकार भीमसेन सक्सेना याच शहरात जन्मला. घरापासून तुटलेल्या फौजेची दमछाक त्याने लिहून ठेवली म्हणून आज ती कळते.

आजी सांगायची, दादाचे प्रत्येक पत्र एकाच ओळीने संपायचे : "रजा मिळाली की येतो." मास्तर ते वाचून दाखवत आणि तिची आई दर वेळी विचारी, "कुठून लिहिलंय?" त्याला उत्तर नसे. तीन वर्षांनी दादा दारात उभा राहिला तेव्हा अकरा वर्षांची आजी आत धावत गेली आणि म्हणाली, "आई, कुणी शिपाई आलाय." त्या दिवशी आई रडली ती मुलगा आला म्हणून, की बहिणीने ओळखले नाही म्हणून, हे आजीला शेवटपर्यंत सांगता आले नाही. महिनाभराने दादा परत गेला, आणि पुन्हा तीच ओळ घरी येऊ लागली.

लग्न होऊन आजी बुऱ्हाणपूरला आली तेव्हा ती पत्रे तिने ट्रंकेतून सोबत आणली होती. जुने घर पाडताना ती ट्रंक मीच उघडली. पिवळे, वाळवी लागलेले कागद पाहून मीच ते रद्दीच्या पोत्यात भरले. तेव्हा आजी नव्हती आणि मी विचारलेही नाही. दिवसभर फायली जपणाऱ्या माणसाने घरातली फाइल रद्दीत घातली. आता ती एकच ओळ उरली आहे, तीही ऐकीव.

म्हणून एक विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे कागद असतील : फील्ड पोस्टाचा शिक्का असलेले कार्ड, मनिऑर्डरची पावती, गणवेशातला फोटो. यंदा आरतीनंतर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आणि ट्रंक रिकामी करण्याआधी ते कागद एकदा वाचा.

माझी रजा अखेर मंजूर झाली. चारच दिवसांची आहे, पण आता तक्रार नाही.

गणपती बाप्पा मोरया!