पुण्यात शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या बायका

जोतीराव फुले यांनी १८४८ साली बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि त्यांच्या पत्नी सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. त्यांचा जन्म १८३१ चा, नायगावचा. म्हणजे शिक्षिका झाल्या तेव्हा वय जेमतेम सतरा. अंगावर शेणमाती झेलत शाळेत जाणाऱ्या सावित्रीबाई सर्वांना ठाऊक आहेत. पण त्यांचा खरा करारीपणा कळतो तो जोतीरावांना लिहिलेल्या पत्रांतून. १८६८ च्या ऑगस्टमध्ये नायगावहून लिहिलेल्या पत्रात गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा ही महार मुलगी यांची हकिकत आहे. मुलीला दिवस गेलेले, आणि गावकरी दोघांना मारायला निघालेले. सावित्रीबाई धावत जाऊन मध्ये उभ्या राहिल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घातला आणि दोघांचे जीव वाचवले. पाच वर्षे आधी, १८६३ मध्ये, फुले दांपत्याने विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. त्यामागची दृष्टी हीच. त्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे हिने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शाळकरी मुलीने धर्माच्या नावावर चाललेल्या अन्यायाला इतका थेट जाब विचारल्याचे उदाहरण त्या काळात शोधूनही सापडणे कठीण.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्याला आल्या. वय चोवीस, पती नुकतेच वारलेले, कडेवर मुलगी मनोरमा. कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेली ही विधवा भर सभेत बोलते, याचे पुण्याला नवल वाटले आणि तितकाच रागही आला. त्यांनी इथे आर्य महिला समाज स्थापन केला. शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना मुलींना शिकवायला स्त्री शिक्षिका हव्यात आणि बायकांना तपासायला स्त्री डॉक्टर हव्यात, असे स्पष्ट सांगितले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्यावर टीकेचे मोहोळ उठले तेव्हा १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली ती जोतीरावांनी. गंज पेठेतली फुल्यांची चळवळ आणि पांढरपेशा सुधारकांचे जग एरवी फारसे एकत्र येत नसे. म्हणून ही नोंद मोलाची.

आर्य महिला समाजाच्या सभांना जाणाऱ्यांत रमाबाई रानडे होत्या. अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या महादेव गोविंद रानडे यांच्या घरी आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. नवऱ्याने पाटीवर मुळाक्षरे गिरवण्यापासून सुरुवात करून पुढे इंग्रजी वाचनापर्यंत नेले. वरच्या मजल्यावर हा अभ्यास, आणि खाली स्वयंपाकघरात सासू-नणंदांचे टोमणे नाहीतर अबोला. उलट उत्तर द्यायचे नाही, ऐकून घ्यायचे, असा पतीचा सल्ला. न्यायमूर्तींना शिकलेली बायको मिळाली खरी, पण तिची किंमत रोज मोजावी लागली ती बायकोलाच. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात हे सारे त्यांनी कसलाही त्रागा न करता सांगितले आहे. ते वाचताना पतीविषयीची भक्ती जितकी जाणवते, तितकाच त्या घरातला एकटेपणाही.

आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ मध्ये पुण्यातच झाला. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या या मुलीने डॉक्टर व्हायचे ठरवले. १८८३ मध्ये त्यांनी अमेरिका गाठली आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळवली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूक झाली होती. पण क्षयाने खंगलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. काशीबाई कानिटकर यांनी त्यांचे चरित्र लिहिले. स्वतः काशीबाई लग्नानंतर चोरूनमारून वाचायला शिकलेल्या. एका स्त्रीचे आयुष्य दुसऱ्या स्त्रीने मराठीत इतक्या तपशिलाने लिहावे, ही गोष्टच नवी होती.

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत सुरू केलेले शारदा सदन पुढच्या वर्षी पुण्याला आले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई जोशी. आठव्या वर्षीच वैधव्य आलेले. भाऊ नरहरपंतांनी त्यांना सदनात पोचवले. १८९३ मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, आनंदीबाई झाल्या, आणि सगळे त्यांना ‘बाया’ म्हणू लागले. कर्व्यांच्या मुरूड गावाने बहिष्कार टाकला. त्याच वर्षी सदनात ख्रिस्ती धर्माचा प्रसार होतो म्हणून वाद पेटला. रानडे आणि भांडारकर हे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेकांनी आपल्या मुली काढून नेल्या. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला; पुढे तो हिंगण्याला गेला. बायांनी घरची ओढाताण सोसून त्यासाठी वर्गणी गोळा केली.

१८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करत होत्या. तिथेच लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या. त्याच सुमारास पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली-बायकांना केडगावला आणून मुक्ती सदन उभारले.

रानडे १९०१ मध्ये वारल्यानंतर काही काळ त्यांच्या पत्नी रमाबाई घराबाहेर पडल्या नाहीत. नंतर मात्र त्यांनी स्वतःला कामात झोकून दिले. १९०९ मध्ये गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साथीने पुण्यात सेवासदन सुरू झाले. प्रौढ बायका, त्यातही विधवा, इथे लिहा-वाचायला आणि शिवणकाम शिकायला येत. परिचारिकेचे काम हलके समजले जाण्याचा तो काळ. तरीही सेवासदनाच्या विद्यार्थिनी पुढे ससून रुग्णालयात त्याचे शिक्षण घेऊ लागल्या, आणि त्यांच्यासाठी घरोघर जाऊन वडीलधाऱ्यांची समजूत घालण्याचे काम रमाबाईंनी केले.