अकरा वर्षांची फट

एखादी गोष्ट क्वचितच घडते, म्हणून ती घडणारच नाही असे मानून चालणे हा मनुष्यस्वभाव आहे. या स्वभावाची किंमत काय पडते, याचे एक उदाहरण आम्ही आज संगणकाच्या इतिहासातून घेणार आहोत.

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. स्मृतीची वाटणी कशी करावयाची, कोणी काय वाचावे व कोणी लिहावे, हे तो ठरवतो. लिनक्स हा असाच एक गाभा. हेलसिंकीतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो १९९१ साली प्रसिद्ध केला. पुढे जगातील असंख्य सर्व्हर व खिशातले अँड्रॉइड फोन त्याच्यावर चालू लागले.

आता एका दप्तरखान्याची कल्पना करावी. मूळ कागद सर्वांनी वाचावा. लिहावयाचे असेल त्याला कारकुनाने नक्कल करून द्यावी, असा तेथील नियम. लिनक्सही हेच करतो. परंतु नक्कल तयार होताच हा कारकून चिठ्ठीवरील ‘लिहिण्यासाठी’ हा शेरा खोडून टाकी; नक्कल आहेच, मग शेरा कशाला, असा त्याचा हिशेब. नंतर तो कागद आणावयास वळे. तेवढ्यात अर्जदाराच्याच जोडीदाराने ती नक्कल फेकून दिली तर? शेरा नाही, नक्कलही नाही; कारकून मूळ कागद उचली आणि लेखन त्याच्यावरच होई! दोन कामांतले कोणते आधी पोचते यावर जेथे निकाल ठरतो, त्या पेचाला ‘रेस कंडिशन’ म्हणतात. या पेचातून सामान्य वापरकर्ता यंत्राचा धनी होऊ शकत होता.

हा पेच कोणाला दिसलाच नव्हता काय? दिसला होता. २००५ साली खुद्द टोरवाल्ड्स यांनी त्यावर उपाय योजला. पण आयबीएमच्या मोठ्या यंत्रांत ‘या पानावर लेखन झाले’ ही खूण निराळ्या जागी राहत असे. तेथे अडचण आली आणि तो उपाय मागे घेतला गेला. त्या काळी ही शर्यत केवळ तात्त्विक वाटे. पुढे गाभ्याची स्मृतिव्यवस्था अनेक कामे एकाच वेळी पेलू लागली, आणि तात्त्विक ते सुसाध्य झाले.

अशा दोषाचा माग काढणे फार कठीण. कारण तो मागे खूण ठेवत नाही. २०१६ साली फिल ऑस्टर यांच्या देखरेखीखालील एका संकेतस्थळावर हल्ला झाला. बाहेरून येणारी वेबची सारी वाहतूक नोंदवून ठेवण्याचा परिपाठ त्यांनी काही वर्षांपूर्वीच सुरू केला होता. त्या नोंदींतून त्यांनी हल्ल्याचे हत्यार बाहेर काढले व बंदिस्त जागी चालवून पाहिले. चोर सापडला तो दप्तरामुळे!

ऑक्टोबर २०१६ मध्ये टोरवाल्ड्स यांनी दुरुस्ती केली. शेरा खोडणे बंद झाले. ‘नक्कल झाली आहे’ अशी स्वतंत्र खूण आली आणि ती नक्कल अद्याप जागेवर आहे ना, हे तपासले जाऊ लागले. अकरा वर्षांपूर्वीचा आपला प्रयत्न वाईट होता, हे त्यांनी त्या दुरुस्तीच्या टिपणातच नमूद केले. ‘डर्टी काऊ’ या नावाने हा दोष जगभर गाजला. तरीही मोठ्या आकाराच्या पानांच्या बाबतीत फट उरलीच. ती २०१७ साली उघडकीस आली.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. ‘असे घडणे अशक्यप्राय’ हा निर्णय त्या दिवसापुरता खरा असतो. काळ पालटला की तो पुन्हा तपासावा लागतो. आणि चूक झाकणाऱ्यापेक्षा ती तारीखवार लिहून ठेवणारा मनुष्य पुढच्या पिढीच्या अधिक उपयोगी पडतो.